तिची भाषा बोलणारा

परक्या देशात फुकट काम करायचं म्हटलं तरी ते आधी मिळवावं लागतं, हे ओव्हरसियरना सत्तरी उलटल्यावर कळलं.

छत्तीस वर्षं त्यांनी सरकारी बांधकाम खात्यात काढली होती. रस्ते, मोऱ्या, दोन पूल, पाण्याच्या टाक्या. निवृत्तीनंतर लेकीनं दोघांना बोलावून घेतलं, कारण नात लहान होती आणि लेक-जावई दोघंही सकाळी सातला घर सोडायचे. चार वर्षांत नात मोठी झाली, एकटी शाळेत जाऊ लागली, आणि सहाव्या मजल्यावरच्या त्या घरात ओव्हरसियर आणि त्यांची बायको दिवसभर समोरासमोर बसू लागले. व्हिसावर राहायची परवानगी होती, पगारी कामाची नव्हती.

तिथली भाषा मात्र ते नेटानं शिकले होते. तीन हिवाळे वर्गाला गेले. बायकोही पहिले आठ दिवस गेली होती, मग तिची कंबर धरली. ती बरी झाल्यावर पुन्हा जाते म्हणाली तेव्हा ओव्हरसियर म्हणाले, "तुला काय करायचंय शिकून? मी आहे ना बोलायला." तेव्हापासून दुकानात, दवाखान्यात, नातीच्या शाळेत तेच बोलायचे. ती शेजारी पिशवी धरून उभी राहायची.

काम शोधायला ते कोट घालून, जुने दाखले फाइलला लावून निघत. लायब्ररीत पुस्तकं लावायला माणसं हवी होती, पण भाषेची वरची परीक्षा पास लागत होती. शाळेसमोर मुलांना रस्ता ओलांडून द्यायचं काम होतं, त्याला मायदेशातल्या पोलिसांचा दाखला हवा. तो पाच महिन्यांनी आला, आणि नावातलं एक अक्षर चुकलेलं. गरिबांना जेवण वाढणाऱ्या संस्थेनं घेतलं, पण पहिल्याच दिवशी बटाट्यांची पोती उचलायला लावली आणि तिसऱ्या दिवशी त्यांना खुर्चीवरून उठवेना. कुत्र्यांच्या आश्रमात कुत्री फिरवायला चौदा महिन्यांची वेटिंग लिस्ट होती.

"लष्कराच्या भाकऱ्या भाजायच्या, तर त्यालाही इथे परवाना," बायको म्हणाली. "सोडून द्या की. घरात काय कमी कामं आहेत?"

"घरात बसून गंज चढतो माणसाला," ते म्हणाले.

ती घरातच बसून होती. पण हे वाक्य तिला लागेल असं त्यांच्या डोक्यातही आलं नाही.

शेवटी एका दंतवैद्याच्या वरच्या मजल्यावर त्यांना एक केंद्र सापडलं. एकट्या पडलेल्या म्हाताऱ्या माणसांकडे आठवड्यातून दोनदा जायचं, बसायचं, बोलायचं, हवं नको बघायचं. केंद्राच्या बाईंनी त्यांची फाइल पूर्ण वाचली, आणि असं या देशात पहिल्यांदाच कुणी केलं होतं. दोन दिवसांचं शिक्षण झालं, गळ्यात निळं ओळखपत्र आलं, आणि मंगळवारी-शुक्रवारी ओव्हरसियर एका म्हाताऱ्या खाटकाकडे जाऊ लागले.

खाटीक तळमजल्यावरच्या एका खोलीत राहायचा. देह एवढा सुटलेला, की स्वतःची पावलं त्याला दोन वर्षांत दिसली नव्हती. तोंडानं फटकळ होता.

"तुमच्या देशात काय करायचास?" त्यानं पहिल्याच दिवशी विचारलं.

"पूल बांधायचो. रस्ते, टाक्या."

"माणसं किती मेली?"

"एकही नाही," ओव्हरसियर म्हणाले. उत्तर जरा फारच लवकर आलं.

खाटीक हसला. म्हणाला, "मी तर सगळ्यांचे जीव घेऊनच पोट भरलं."

तो त्यांना वाट्टेल ते बोलायचा. त्यांच्या उच्चारांची नक्कल करायचा, चहा गार आहे म्हणून परत पाठवायचा. ओव्हरसियरना त्याचं काही वाटत नसे. घरी येऊन ते त्याचे किस्से रंगवून सांगत. पेपर वाचून दाखवणं, खिडकी पुसणं, औषधांचे खण भरणं, सगळं ते मन लावून करायचे. महिन्यातून दोनदा कोमट पाण्याची परात घेऊन खाली बसायचे, खाटकाचे पाय भिजवायचे आणि त्याची नखं कापायचे. जाड, पिवळी नखं. त्यासाठी त्यांनी स्वतः दुकानात जाऊन मोठं नेलकटर निवडून आणलं होतं.

एका रविवारी ते नेलकटर टेबलावर होतं. बायकोनं ते हातात घेऊन पाहिलं.

"माझीही कापाल का?" ती म्हणाली. "कंबरेनं वाकवत नाही. मोज्यात अडकतात."

"लेकीला सांग ना," ते पेपरातून मान न काढता म्हणाले.

तिनं लेकीला सांगितलं नाही. मोजे घालायचेच सोडले.

दुसऱ्या वर्षीच्या सुरुवातीला केंद्राच्या बाईंनी त्यांना मुद्दाम बोलावून घेतलं. बाई खुशीत होत्या.

"तुमच्यासाठीच आल्यासारखी आहे ही," त्या म्हणाल्या आणि एक कागद पुढे सरकवला. "तुमची भाषा बोलणाऱ्या एक आजी. आमच्याकडे असं पहिल्यांदाच झालंय."

होकार येईपर्यंत नाव आणि पत्ता दाखवायचा नाही अशी तिथली पद्धत होती. बाकी सगळं टाइप केलेलं होतं. वय अडुसष्ट. इथे येऊन सहा वर्षं. कुटुंबासोबत राहतात, दिवसभर कुणाशी बोलणं होत नाही. कंबरेचं दुखणं. इथली भाषा येत नाही. आणि खाली, कशाबद्दल बोलायला आवडेल या रकान्यात लिहिलं होतं: थोरल्या मुलीबद्दल. ती सात वर्षांची असताना गेली. घरी तिचा विषय काढलेला चालत नाही.

ओव्हरसियरनी तो कागद दोनदा वाचला. दुसऱ्यांदा अक्षरं नीट दिसत नव्हती.

थोरलीला त्यांनीच नेलं होतं. रविवार होता, कामाला सुट्टी होती. गावाबाहेर टाकीचं काम चालू होतं आणि "बाबा, तुमची टाकी दाखवा" म्हणून ती आठवडाभर मागे लागली होती. पायाच्या खड्ड्यात दोन दिवसांच्या पावसाचं पाणी साचलेलं, वर फळ्या टाकायच्या राहून गेलेल्या. त्यांना पहारेकरी झोपलेला दिसला. त्याला उठवून झापण्यात त्यांची पाच मिनिटं गेली. चौकशी झाली, ठेकेदारावर ठपका आला, ओव्हरसियरची फक्त बदली झाली. बदलीच्या गावी सामान लावताना त्यांनी थोरलीचे फ्रॉक, पाटी आणि सगळे फोटो एका ट्रंकेत घालून कुलूप लावलं आणि बायकोला म्हणाले, "या घरात हा विषय पुन्हा निघाला, तर मी घर सोडून जाईन."

विषय निघाला नाही. दोन वर्षांनी धाकटी झाली. चाळीस वर्षं गेली. बायको विसरली असं ते धरून चालले होते. तसं धरून चालणं सोयीचं होतं.

"कधीपासून जाल?" केंद्राच्या बाईंनी विचारलं.

"मला वेळ नाही," ओव्हरसियर म्हणाले.

"आठवड्यातून एकदाच. एक तास फक्त."

"नाही जमणार."

"अहो, त्यांची भाषा बोलणारं आमच्याकडे दुसरं कुणीच नाही."

"माझ्याच्यानं होणार नाही," ते म्हणाले. त्यांनी कागद पालथा घातला आणि टेबलावरून बाईंकडे सरकवला.

घरी आले तेव्हा बायको खिडकीपाशी नातीच्या स्वेटरची उसवलेली बाही शिवत होती. ते बूट काढत राहिले.

"काय केलंस दिवसभर?" त्यांनी विचारलं.

"काय करणार?" ती म्हणाली. "वाढू का?"

त्यांनी हातपाय धुतले आणि जेवले. रोजच्यापेक्षा एक घासही कमी गेला नाही.

महिन्याभरानं मंगळवारी संध्याकाळी ते खाटकाकडून परतले, तेव्हा धुतलेल्या भांड्यांत दोन कप उपडे होते. पुढच्या मंगळवारीही दोन. त्यांनी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. एकदा सोफ्यावर एक अनोळखी वासाचा रुमाल राहिला होता. तो त्यांनी चिमटीत धरून टेबलावर ठेवला. सकाळी तो तिथे नव्हता. हळूहळू बायको दुकानात गल्ल्यावरच्या मुलीला त्या भाषेत "धन्यवाद" म्हणू लागली. मग "पिशवी नको." मग एकदा, "हे कालचं आहे, ताजं द्या." तिनं ब्रेड परत केला, आणि ओव्हरसियर शेजारी पिशवी धरून उभे होते.

वर्षाच्या शेवटी केंद्राचा मेळावा ठरला. पाचशे तास काम केलेल्यांना सगळ्यांसमोर मानपत्र मिळणार होतं आणि त्यांत ओव्हरसियर होते. लेकीला ऑफिसातून सुट्टी मिळेना.

"आईला घेऊन जा ना," ती म्हणाली.

"तिला तिथे काय कळणार?" ते म्हणाले. "कंटाळेल उगाच."

बायको भांडी पुसत होती.

मेळावा एका शाळेच्या व्यायामशाळेत होता. बास्केटबॉलच्या जाळीखाली माइक, घडीच्या खुर्च्या, कागदी कप. काम करणाऱ्यांच्या गळ्यात निळी ओळखपत्रं, म्हाताऱ्यांच्या गळ्यात हिरवी. ओव्हरसियरनी ठेवणीतला कोट घातला होता. खाटकाची चाकांची खुर्ची त्यांनी पुढच्या टेबलाला लावली, त्याच्या मांडीवर रुमाल पसरला, आणि मान वर केली तर शेजारच्या टेबलाशी त्यांची बायको बसलेली होती. गळ्यात हिरवं ओळखपत्र. शेजारी एक आडव्या बांध्याची, आखूड केसांची बाई, निळं ओळखपत्र लावलेली. ती मोठ्यानं काहीतरी सांगत होती आणि बायको हसत होती, तोंडावर हात न ठेवता.

ते वळून दुसरीकडे जाणार, तेवढ्यात केंद्राच्या बाईंनी त्यांचं कोपर धरलं.

"चला, आज तुमची गाठ घालून देते," त्या म्हणाल्या. "त्याच त्या आजी. निदान दोन शब्द बोला त्यांच्याशी, बरं वाटेल त्यांना."

त्यांना काही सुचायच्या आत ते टेबलापाशी होते. खाटकाची खुर्ची हातभर अंतरावर.

"हे तुमची भाषा बोलतात," बाई बायकोला सावकाश म्हणाल्या.

बायकोनं वर पाहिलं. चेहऱ्यावर ना राग, ना आश्चर्य. परक्या माणसाला करावा तसा तिनं नमस्कार केला.

"नमस्कार," ती आपल्या भाषेत म्हणाली. "तुम्हाला वेळ नसतो असं कळलं होतं."

"अगं, घरी बोलू," ते खालच्या आवाजात म्हणाले.

"घरी बोललेलं चालत नाही."

"काय म्हणतात?" बाईंनी कौतुकानं विचारलं.

ओव्हरसियरनी घसा साफ केला. "भेटून आनंद झाला म्हणतात."

"नाही," बायको म्हणाली. आता ती बाईंच्या भाषेत बोलत होती, एकेक शब्द जपून ठेवत. "मी असं नाही म्हणाले. हा माझा नवरा. आम्ही एका घरात राहतो."

केंद्राच्या बाईंचा हात त्यांच्या कोपरावरून निघाला. त्यांनी एकदा निळ्या ओळखपत्राकडे पाहिलं, एकदा हिरव्याकडे. बायकोच्या पासपोर्टावर माहेरचं आडनाव राहिलं होतं, अर्जातही तेच होतं, आणि पत्ते कुणी ताडून पाहिले नव्हते. त्यांना कळायचं काही कारणच नव्हतं. आखूड केसांच्या बाईनं मात्र खुर्ची बायकोच्या आणखी जवळ सरकवली.

"तुला बायको आहे?" खाटीक मागून म्हणाला. "मला वाटलं मेली असेल. नाहीतर माझी नखं कापत कोण बसलं असतं?" आणि तो खदाखदा हसला, मांडीवरचा रुमाल खाली पडेपर्यंत.

मानपत्र छापून झालेलं होतं, त्यामुळे ते द्यावंच लागलं. केंद्राच्या बाईंनी त्यांचं नाव वाचलं, बाकीच्यांसाठी जे चार कौतुकाचे शब्द बोलल्या ते यांच्या वेळी गाळले, आणि कागद हातात दिला. टाळ्या वाजल्या. लोकांना काय माहीत?

परतताना बसमध्ये दोघं एका बाकावर बसले.

"अर्ज कुणी केला?" शेवटी त्यांनी विचारलं.

"खालच्या लाँड्रीवालीनं. तिचा फोन आपली भाषा समजतो. मी बोलायचे, फोन तिला सांगायचा." ती खिडकीबाहेर बघत होती. "मग एक दिवस केंद्रातून तिला कळवलं, तुमच्या भाषेचा आमच्याकडे एकच माणूस आहे, त्याला विचारलं, त्याला वेळ नाही. फोननं मला तसंच वाचून दाखवलं. बाईचा आवाज आहे त्या फोनचा. फार गोड आवाजात सांगितलं तिनं."

"मला जमलं नसतं गं."

"मला तरी कुठे जमत होतं?"

बस दोन थांबे पुढे गेली.

"मी तुम्हाला खड्ड्याबद्दल कधीच विचारणार नव्हते," ती म्हणाली. "मला तिच्या केसांबद्दल बोलायचं होतं. किती गुंता व्हायचा, ते."

लेकीला संध्याकाळी सगळं कळलं. तिला आधी राग आला तो आईचा. "आम्ही तुला टाकून दिलंय असं लिहून दिलंस तू त्या लोकांना? माझ्या ऑफिसातले जातात तिथे कामाला. कुणी विचारलं तर काय सांगू मी?"

"दिवसभर घरात कुणी नसतं एवढंच लिहिलं," आई म्हणाली. "खोटं आहे का?"

"मग मला सांगायचंस. ताईबद्दल बोलायचं होतं तर माझ्याशी बोलायचंस."

"तू आठ वर्षांची असताना विचारलं होतंस. बाबांना त्रास होतो, पुन्हा विचारू नकोस, असं मीच तुला सांगितलं. तू शहाणी मुलगी. पुन्हा कधी विचारलं नाहीस."

लेक स्वयंपाकघरात गेली आणि तिनं नळ मोठा सोडला.

दुसऱ्या दिवशी घर रिकामं झाल्यावर ओव्हरसियर खुर्ची ओढून बायकोसमोर बसले. रात्रभर त्यांनी मनाची तयारी केली होती. हात गुडघ्यांवर ठेवले, केंद्रात शिकवलं होतं तसे, ऐकणाऱ्यानं कसं बसावं याप्रमाणे.

"बोल," ते म्हणाले. "तुला काय बोलायचंय ते बोल. मी ऐकतो."

ती त्यांच्याकडे पाहत राहिली. मायेनं पाहत होती की कीव करत होती, त्यांना ठरवता येईना.

"आता बोलून झालं," ती म्हणाली. "काल माझ्या शेजारी बसल्या होत्या, त्या ड्रायव्हरबाईंना सांगितलं सगळं. एकतीस वर्षं शहरात बस चालवली त्यांनी. आधी त्यांना माझं एक अक्षर कळायचं नाही. आपल्याच भाषेत बोलायचे मी, रडायचे, त्या बसून राहायच्या. घड्याळाकडे बघायच्या नाहीत. मग त्यांना कळावं म्हणून मी एकेक शब्द शिकले. केस, फणी, रिबन. आता पुन्हा पहिल्यापासून तुम्हाला सांगायचं, तर माझ्यात तेवढं त्राण नाही हो."

"थोडंसं सांग."

"तुम्ही होतात की तिथे," ती म्हणाली. "तुमचीही मुलगी होती."

तेव्हा ओव्हरसियरना जे दिसलं ते असं, की त्यांनी कितीही डोकं खाजवलं तरी त्यांना खड्ड्यातलं पाणी आठवत होतं, फळ्या आठवत होत्या, पहारेकऱ्याचा झोपाळू चेहरा आठवत होता; थोरलीचे केस सरळ होते की कुरळे, तेवढं आठवत नव्हतं. ट्रंक मायदेशी चुलतभावाकडे ठेवलेली होती. त्यांनी फोन लावला. चुलतभावाच्या सूनबाईनं सांगितलं, माळा साफ करताना सगळ्या जुन्या ट्रंका-पेट्या भंगारात दिल्या, दोन वर्षं झाली. तुम्हीच म्हणाला होतात ना काका, त्यात काही महत्त्वाचं नाही म्हणून?

केंद्राच्या बाईंचा फोन आला. आरोप वगैरे काही नाही, पण काही दिवस थांबलेलं बरं. खाटकाकडे दुसरा माणूस पाठवला आहे. ओळखपत्र पोस्टानं परत करा, येण्याची तसदी घेऊ नका. ओव्हरसियरनी ते पाकिटात घालून पोस्टात टाकलं. मग मंगळवारही मोकळा झाला आणि शुक्रवारही.

मंगळवारी ड्रायव्हरबाई येत. बायको त्यांना स्वयंपाकघरात नेई आणि दार लोटून घेई. ओव्हरसियर बाहेरच्या खोलीत टीव्ही न लावता बसत. आतून बोलणं ऐकू यायचं, तुटक, परक्या भाषेत, तीच जी त्यांनी तीन हिवाळे घासून शिकली होती. पण दोघी हळू बोलायच्या आणि मध्येच चहाचं आधण खदखदायला लागायचं. एकदा "पिवळा" एवढा शब्द त्यांनी पकडला. पिवळं काय, ते कळलं नाही. फ्रॉक असेल. रिबन असेल.

त्या दिवशी ड्रायव्हरबाई निघाल्या तेव्हा ते मागोमाग लिफ्टपर्यंत गेले.

"एक विचारू?" ते म्हणाले. "ती सांगते ना तुम्हाला, आमच्या मुलीबद्दल. तिचे केस कसे होते?"

ड्रायव्हरबाईंनी गळ्याभोवती मफलर गुंडाळला. कठोर बाई नव्हती ती. उत्तर देण्याआधी तिनं त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं.

"आम्हाला जे सांगितलं जातं ते बाहेर बोलायचं नाही," ती म्हणाली. "घरच्यांशीसुद्धा नाही. तुम्ही केलंय हे काम, तुम्हाला माहीतच आहे."

"हो," ओव्हरसियर म्हणाले. "माहीत आहे."

लिफ्ट आली, बाई आत गेल्या, दार सरकून बंद झालं. ते थोडा वेळ जिन्यातल्या गार फरशीवर तसेच उभे राहिले, पायात चपला न घालता.

"गेल्या का त्या?" आतून बायकोनं विचारलं.

"गेल्या."

"मग दार लावून घ्या. थंडी येतेय घरात."